अकरा झाडं देवीची

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

काल सकाळी मी वांग्याच्या अकरा झाडांना लाल दोरे बांधले. आंघोळ करून, ओल्या अंगानं, अनवाणी. नदीवरून वारा येत होता. दोरा बांधताना प्रत्येक झाडानं एकेक काटा टोचला. अकरा झाडं, अकरा काटे. हिशेबाला देवीआई पक्की आहे.

पूर्णिमा बांधावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "अवो, झाडांचं झालं असंल तर म्हशीची धार ऱ्हायलीया. तिला दोरा न्हाय बांधला तरी चालंल."

ही वही रुचितानं दिली. रुचिता म्हणजे शेजारच्या तात्यासोची मुलगी, शेतीचं मोठं शिक्षण घेतलेली. ग्रामपंचायतीचं जैवविविधतेच्या नोंदवहीचं काम तिच्याकडं आहे. गावात कोणती झाडं, पाखरं, मासे, पिकांचे जुने वाण शिल्लक आहेत ते सगळं लिहून काढायचं. ती म्हणाली, काका, मळीचं वांगं आता तुमच्याकडंच उरलंय, त्याची हकिगत तुम्हीच लिहा. हकिगत मी सुट्ट्या कागदावर लिहून देईन. वही चांगली जाड आहे, ती माझ्याकडंच राहू दे. दहावीनंतर एवढं पहिल्यांदाच लिहितोय.

हकिगत अशी. आमचं गाव शिरोळच्या बाजूला, कृष्णेच्या अगदी काठावर. चारी बाजूंनी ऊस. त्यात नदीकडेला गाळाच्या मळीत माझा अर्धा गुंठा, त्यात साठ झाडं. वांगं जांभळं, वर पांढऱ्या रेघा, देठाला काटे. बी कमी, शिजल्यावर लोणी. निदान होतं तरी. आंबिलीच्या यात्रेला रेणुकाईच्या ताटात पहिलं वांगं आमच्या घरचं ठेवायचा मान आजोबांपासून आहे.

२०१९ च्या महापुरात होडीतून निघालो, तेव्हा माझ्या एका हातात देव्हाऱ्यातली आई होती आणि दुसऱ्या हातात वांग्याच्या बियांची बाटली. पूर्णिमा अजून विचारते, "तिसरा हात असता तर मला धरलं असतंसा काय?" छावणीत बसून मी नवस बोललो. घर उभं राहिलं तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात चांगलं फळ धरणारं झाड आईचं. त्याचं एकही वांगं उंबऱ्याच्या आत नेणार नाही, सगळं देवळात पोचवीन.

घर उभं राहिलं. त्या वर्षी एक झाड दिलं. पुढच्या वर्षी वांगी जरा बारीक वाटली, म्हणून दोन झाडं दिली. मग तीन, पाच, सात, नऊ. वांगी दरवर्षी बारीकच होत चालली आहेत. कुठंतरी माझी सेवा कमी पडत असणार. म्हणून यंदा अकरा. चांगल्यात चांगली निवडून.


१७ नोव्हेंबर, सोमवार

रुचिता छापील कागद घेऊन आली. त्यात रकाने. पिकवणारी घरं किती? एक. वाणाची स्थिती? त्यात चार-पाच पर्याय होते, सगळे अशुभ. मी म्हटलं, लिही, देवीच्या कृपेनं ठीक. तसा रकाना नव्हता.

तिनं बिनदोऱ्याच्या झाडाचं एक वांगं पट्टीनं मोजलं. मोठ्या लिंबाएवढं भरलं. मग विचारलं, बी कुठल्या झाडाचं धरता? मी सगळं नीट सांगितलं. चांगली झाडं आईची, त्यांना आम्ही हात लावत नाही. उरलेल्या झाडांची वांगी आम्ही खातो, बाजारात देतो, आणि शेवटी फेब्रुवारीत झाडावर जे काही राहिलेलं असेल त्याचं बी धरतो.

तिचं पेन थांबलं. "चांगली सगळीच देवीला, काका? सहा वर्षं?"

सगळीच, मी म्हटलं. ती बराच वेळ झाडांकडं बघत बसली. चहा अर्धा ठेवूनच गेली. आजकालच्या पोरींना देवाधर्माचं ऐकलं की कंटाळा येतो म्हणतात, पण हिच्या मनाला लागलेलं दिसलं.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पिराजी आला होता. पिराजी म्हणजे देवळाचा पुजारी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी देवीच्या झाडांची वांगी न्यायला स्वतः मळीपर्यंत चालत येतो. गुडघे दुखतात तरी येतो. यंदा अकरा झाडं म्हटल्यावर पिशवी मोठी आणली आहे. फळं अजून लहान आहेत, यात्रेलाच तोडू, असं सांगितल्यावर प्रत्येक फळाला हात लावून, गेल्या हंगामातल्या एका झाडाची होती तेवढी वांगी घेऊन परत गेला. असा श्रद्धाळू माणूस मिळायला गावाचं नशीब लागतं.

दुपारी जेवायला भरली वांगी. काय सांगावं, लहानपणीची चव. देठाला धरून उचललं तर गर अलगद सुटला. पूर्णिमाला म्हटलं, बघ, अकरा झाडं दिली आणि आठवड्यात आई पावली. आपल्या वांग्याची चव परत आली.

ती म्हणाली, "व्हय. लगीच पावली." आणि ताक आणायला उठून गेली. माझ्या घरात एवढी मोठी गोष्ट घडली आणि तिला ताक सुचलं.


२३ नोव्हेंबर, रविवार

आज राग आला आहे. तो उतरायच्या आत लिहितो.

रुचिता बापाला घेऊन आली. तात्यासो रोपवाटिकेत संकरित वांग्याची रोपं विकतो, निम्मं गाव त्याच्याकडून नेतं. त्यामुळं ही दोघं काय बोलणार याचा अंदाज होता. पण रुचिता रोपांचं बोललीच नाही. म्हणाली, "काका, राग मानू नका. झाडं निवडायची तुमची नजर एकदम बरोबर आहे, आमच्या कॉलेजातल्या कुणाला एवढी जमणार नाही. फक्त निवडल्यावर तुम्ही उलटं केलं. चांगली झाडं देवळात गेली, आणि पुढच्या वर्षाचं बी उरल्यासुरल्याचं धरलं. सहा वर्षं वांग्यानं तुमचं ऐकलं."

तात्यासोला गप्प बसवत नाही. म्हणाला, "ज्ञानू, शाळंत हुशार पोरं वरच्या वर्गात जात्यात. तू हुशार पोरं देवळात धाडलीस आन् ढ पोरास्नी मास्तर केलंस. मग शाळा कशी चालायची?"

पूर्णिमा चुलीकडं तोंड करून हसत होती. तिच्या खांद्यावरून कळतं.

रुचिता पुढं म्हणाली की असंच चाललं तर दोन-तीन हंगामांत मळीचं वांगं संपेल. नाव राहील, वांगं राहणार नाही. उपाय एवढाच: दोरे बांधलेल्या झाडांची पहिली दोन-तीन निरोगी फळं तोडायची नाहीत, पिवळी होईपर्यंत झाडावर राखायची आणि त्यांचंच बी धरायचं. तेही एका झाडाचं नाही, सगळ्या अकरांचं एकत्र. एखादं झाड कमी पाण्यात तग धरतं, एखाद्याला कीड कमी लागते, कुठला गुण पुढं कामाला येईल ते आज कुणाला सांगता येत नाही. चारी बाजूला ऊस उभा आहे ते एक बरं, तात्यासोच्या वांग्याचा पराग मधमाश्यांना इथवर आणणं अवघड जातं.

मी म्हटलं, ती झाडं माझी नाहीत. आईची आहेत. बोललेला शब्द आहे.

यावर पोरगी काही बोलली नाही, याचाच मला जास्त राग आला. बोलली असती तर भांडता आलं असतं.


२४ नोव्हेंबर

लिहिण्यासारखं काही नाही. मळीत गेलो होतो. दोरा असलेल्या झाडांशेजारी बिनदोऱ्याचं झाड बघितलं की फरक डोळ्यांत भरतो. रोज तिथं असतो मी. एवढे दिवस बघत होतो, ते काय?


२६ नोव्हेंबर, बुधवार

चिमणाबाई माझी चुलती, ऐंशीच्या पुढची. यात्रेचा स्वयंपाक अजून तिच्याच देखरेखीखाली होतो. तिला विचारलं, माझी आई बी कसं धरायची?

ती म्हणाली, आई आधी बियाचं झाड धरायची. दोन-चार चांगली झाडं बघून त्यांना चिंध्या बांधायची, मग त्यांना कुणाचा हात लागायचा नाही. त्यानंतर उरलेल्यांतलं एक चांगलं फळ देवीला. एक. झाड नाही. आणि तेव्हा बारा घरांत मळीचं वांगं होतं. संक्रांतीला बायका सुगडाबरोबर कागदाच्या पुडीत बी द्यायच्या-घ्यायच्या. एका घराचं बिघडलं तर दुसऱ्या घरातून मिळायचं. पुरात अकरा घरांचं बी वाहून गेलं.

मी म्हटलं, वाईट झालं. माझ्याकडचं तेवढं राहिलं.

चिमणाबाईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी सहा वर्षांचा आहे. "पूर ओसरल्यावर समदी तुझ्या दारात आलती की बी मागायला. तू काय म्हणालतास?"

मला आठवेना. घरी येताना चावडीपाशी आठवलं. मी म्हणालो होतो, हे देवीचं बी आहे, बाहेर द्यायचं नाही.

देवीनं असं कधी सांगितलं नव्हतं. मला तेव्हा बरं वाटलं होतं, की सगळ्या गावात आता माझ्याकडंच आहे. इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.


२९ नोव्हेंबर, शनिवार

आज पिराजीकडं गेलो. यात्रेआधी देवीला कौल लावून विचारायचं होतं. परसदारातून आत गेलो तर पिराजीची बायको आमच्या स्टीलच्या डब्यात वांगी भरत होती. डबा आमचाच. झाकणावर माझं नाव कोरलेलं आहे. गेल्या हंगामातल्या नवव्या झाडानं तोडणीनंतर पुन्हा फूट धरली होती, त्याची वांगी. मी माझी वांगी ओळखतो. आणि डब्याशेजारी आमच्या म्हशीच्या दह्याचं गाडगं.

घरी येऊन पूर्णिमाला समोर बसवलं. किती दिवस चाललंय हे? ती म्हणाली, पाच वर्षं. पिराजीच्या घरात दोनच माणसं, त्यांना एवढी वांगी कशी सरायची? त्याची बायको कंटाळून उकिरड्यावर टाकत होती. आता दह्याच्या बदल्यात पूर्णिमाला देते.

मी म्हटलं, माझा नवस मोडलास. ती वांगी उंबऱ्याच्या आत आणायची नव्हती.

ती भाकरी थापत होती, थांबलीसुद्धा नाही. "मळीतनं आणायची न्हवती. म्या मळीतनं कुठं आणली? देवळातनं आणली. देवीनं दिल्यालं परत घरात आणायला बंदी हाय व्हय? पाच वर्सं परसाद खातासा आन् वर चव आली म्हणतासा."

मग ती चव. २१ तारखेची.

भाकरी खाल्ली. भाजीला हात लावला नाही. ती म्हणाली, "खावा की, परसादाला न्हाय म्हणू ने." मग थोडी खाल्ली.


२ डिसेंबर, मंगळवार

कौल लावला. रीत अशी की देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं फूल आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. मी मनात विचारलं, आई, झाडं बियासाठी राखू काय?

एक तास बसलो. एकही फूल पडेना. पिराजी सारखा उठून बाहेर जाऊन येत होता. त्याची जेवायची वेळ टळून गेली होती. शेवटी म्हणाला, "फूल पडंना म्हंजी आई न्हाय म्हणतीया. झाडं हायती तशी देवळात येऊ द्या." मी म्हटलं, नाही म्हणायचं तर डावं पाडलं असतं. तो म्हणाला, मग उद्या विचारू, आज भूक लागलीया.

पूर्णिमा देवळाबाहेर थांबली होती. वाटेत तिला सांगितलं. ती म्हणाली, "तिला बोलायचं त्ये ती सा वर्सं बोलतीया. दरसाल वांगी बारकी करून दावली. तुमी दरसाल दोन झाडं जास्त देऊन गप केलंसा. आता फूल कशाला पाडंल?"

ती आपल्या मनाशीच बोलत चालली. देवळातून आलेलं चालतंय, मळीतून आलेलं नाही. वांगं देवळातून येतं तसं बीपण येईल की, ते काय फार मोठं असतं. असलंच काहीतरी. माझं तिकडं लक्ष नव्हतं, मी विचारात होतो.

आणि ओढ्यापाशी मला एकदम सुचलं. झाडं आईचीच राहतील. फळं पिकू द्यायची. पिकलेल्या फळांचं बी काढून आईच्या ओटीत घालायचं, आणि तिथून ते प्रसाद म्हणून ज्याला हवं त्यानं न्यायचं. शब्द मोडत नाही, बी मरत नाही.

हे मला कसं सुचलं कुणास ठाऊक. घरी पोचल्यावर पूर्णिमाला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "लई भारी सुचलं तुमास्नी," म्हणाली.


८ डिसेंबर, सोमवार

उद्या यात्रा. सुचणं आणि करणं यांत फार अंतर आहे. दोऱ्याच्या झाडांवर सध्या एकतीस फळं आहेत. झाडाला दोन किंवा तीन. रुचिता म्हणते हीच राखायची, पुढं येतील ती खुशाल देवळात जाऊ देत. म्हणजे उद्या ताटात ठेवायला बिनदोऱ्याची बारकी वांगी.

आजोबांपासूनचा मान आहे. सगळ्या गावासमोर.

संध्याकाळी कात्री घेऊन मळीत गेलो होतो. तिसऱ्या ओळीत एक फळ आहे, माझ्या मुठीत मावत नाही. एकच तोडलं तर काय होतं, असं म्हणून देठाला कात्री लावली. तोडलं नाही. पण लावली.


९ डिसेंबर, मंगळवार

यात्रा झाली. दमलो आहे, तरी लिहितो.

देवळापुढं आंबिलीच्या घागरी, कांद्याची पात, गाजरं, बोरं, घराघरातून आलेल्या नैवेद्याच्या टोपल्या. आमचं ताट मधोमध. त्यात केळीच्या पानावर माझं वांगं. बिनदोऱ्याच्या एकोणपन्नास झाडांतलं बऱ्यापैकी एक निवडलं होतं, तरी ते लिंबाएवढं आणि एका अंगाला वाकडं. ताटावरचा रुमाल काढला तेव्हा माझ्या मागं कुणीतरी विचारलं, "वांगं कुठाय?"

तात्यासो दह्याची कासंडी घेऊन आला होता. यात्रेचं दही त्याच्या घरचं असतं. त्यानं ताट बघितलं, माझ्याजवळ सरकला आणि टोपलीतून आपलं एक वांगं हळूच पुढं केलं. चकचकीत, आरशासारखं. हलक्या आवाजात म्हणाला, हे ठेव, कुणाला कळतंय, गावाचं नाक राहू दे. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट पहिल्यांदाच तो माझी चेष्टा करत नव्हता.

खरं सांगतो, माझा हात पुढं गेला.

मग रुचिता दिसली. खांबापाशी उभी होती. ती माझ्याकडं नाही, बापाच्या हातातल्या वांग्याकडं बघत होती. मी हात मागं घेतला. तात्यासोला म्हटलं, तुझं वांगं चांगलं आहे, पण ते आईला ओळखत नाही.

पिराजीनं रिकामी पिशवी काखेत धरली होती. विचारलं, "आन् बाकीची? अकरा झाडांची?"

एवढी माणसं ऐकत असताना बोलायची मला सवय नाही. कसाबसा बोललो. "ती आईचीच हायती. झाडावर हायती. पिकली की बी काढून हितंच आणतो, तिच्या ओटीत घालतो. मग ज्याला पायजे त्यानं तिच्याकडनं मागून न्यावं. पूर आला तवा मी तुमास्नी बी दिलं न्हाय. त्ये चुकलं."

मग एकानं विचारलं की पिकलेलं पिवळं वांगं देवी कसं खायची. हसले सगळे. कुणी म्हणालं, ज्ञानू देवीलाच शेती शिकवायला लागला. मी मान खाली घालून उभा. चिमणाबाई वाकत वाकत पुढं आली, माझं वाकडं वांगं उचललं, उलटंसुलटं करून बघितलं आणि पदरानं पुसलं.

"सा वर्सं देवीला चांगलंचुंगलं घालून तिच्या पोरांच्या ताटात असलं वाढत हुतास," ती म्हणाली. "आज तिनं आपल्या पोरांचं खाल्लं तर काय मरंल व्हय ती? चला, चुलीत इस्तू सारा."

वांगं शिजायला वेळ लागला. कडक होतं.


२१ डिसेंबर

गावात नवीन चेष्टा. मला भेटेल तो विचारतो, पिकलं काय? दूध संस्थेत, पानपट्टीवर, सलूनमध्ये. मी म्हणतो, अजून नाही.

पिराजी मंगळवारी-शुक्रवारी येतो अजून. नवी फळं धरलीच नाहीत, पिकायला ठेवलेल्यांना हात लावतो, उसासा सोडतो आणि जातो. त्याचा जीव कशात आहे ते आता मला थोडं कळतं. पण माणूस वाईट नाही. जाताना पाणी घालून गेला झाडांना.


१४ जानेवारी २०२६, संक्रांत

फळांवर पिवळा रंग चढतोय. एवढं सुंदर वांगं मी आयुष्यात पिकू दिलं नव्हतं. आम्ही नेहमी वेळेत खाल्लं.


१९ जानेवारी, सोमवार

वाईट दिवस. शेजारच्या उसाला तोड आली. दोन दिवसांत फड मोकळा झाला आणि त्यातले उंदीर सगळे माझ्या मळीत. तीन झाडांची फळं कुरतडून टाकली. आठ झाडांची उरली आहेत.

मी बांधावर डोकं धरून बसलो. एकाच ठिकाणी सगळं ठेवल्यावर असंच होतं, बारा घरांत असतं तर तीन झाडांचं एवढं दुःख कशाला झालं असतं. पूर्णिमा घरी गेली आणि कोंबड्या झाकायची डालगी घेऊन आली. आमची दोन, चिमणाबाईची दोन, बाकीची कुठून कुठून मागून. आठ झाडांवर आठ डालगी, वर दगड. कोंबड्या आता कुठं ठेवायच्या विचारलं तर म्हणाली, "तुमच्या अंथरुणावर."

दुपारी तात्यासो येऊन बघून गेला. यंदा पिंजऱ्यातलं पीक घेतलंस म्हणाला. थोड्या वेळानं त्याच्याकडचे चार उंदराचे सापळे घेऊन परत आला.


५ फेब्रुवारी, गुरुवार

फळं तोडली. बावीस. घरात नेली नाहीत. विहिरीवरच बादल्या मांडल्या. फळं मऊ झाली होती. कुस्करून पाण्यात धुतली. पोकळ बी वर तरंगतं ते टाकायचं, भरलेलं तळाशी बसतं ते धरायचं. हे माझ्या आईच्या हाताखाली लहानपणी केलेलं. हातांना आठवत होतं, मलाच आठवत नव्हतं.

बी देवळाच्या ओसरीवर सावलीत वाळत घातलं आहे. चिमण्या हाकलायचं काम पिराजीकडं. तो काठी घेऊन बसतो. वांगी नाहीत तर नाहीत, आज म्हणाला, काम तरी आहे.


१० फेब्रुवारी, मंगळवार

एक विचार डोक्यातून जात नाही. सगळं बी ओटीत घालायचं, म्हणजे माझ्याकडं काय राहणार? लोक नेतील आणि लावणारच नाहीत. कोंबड्या खातील. कुणी तात्यासोच्या रोपांशेजारी लावील आणि भेसळ होईल. बाटलीभर बी आधीच काढून ठेवावं, असं वाटतं. मी सांभाळलं तसं दुसरं कोण सांभाळणार?

वर लिहिलेलं वाचून बघितलं. मी सांभाळलं ते कसं, हे याच वहीत सगळं लिहून ठेवलं आहे.

तरीही बाटली धुऊन उन्हात ठेवली आहे.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाटली रिकामीच घेऊन देवळाकडं निघालो. वाटेत चिमणाबाईच्या दारात ठेवून आलो, तेलाला होईल म्हणून.

बी राखेत घोळून तयार होतं. सुपात सारखं करून आईपुढं ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं. पूर्णिमानं खण-नारळानं ओटी भरली आणि मी सूप उचलून सगळं बी त्या ओटीत ओतलं. सुपाला चिकटलेलं बोटानं पुसून तेही घातलं. मग पिराजीला म्हटलं, आता हे तुझ्या हातात. मागेल त्याला चिमूट चिमूट दे, आणि एवढंच सांग, की आधी बियाचं झाड धरायचं, मग खायचं. आणि पुढल्या वर्षी दुसऱ्यानं मागितलं तर नाही म्हणायचं नाही.

मला वाटलं होतं चार-पाच जण येतील. सतरा घरं आली. रुचिता पायरीवर बसून नावं लिहून घेत होती. पुरानंतर ज्यांना मी परत पाठवलं होतं त्यांतले बरेच होते. कुणी तो विषय काढला नाही. पिकलं काय म्हणून मात्र प्रत्येकानं विचारलं. तात्यासोही आला होता. विकायला नाही, खायला लावणार आहे म्हणाला, रोपवाटिकेपासून लांब, घरामागं. पिराजी मोठ्या तोऱ्यात बी वाटत होता. देवीचा प्रसाद एवढा मोलाचा त्याच्या हातून कधी गेला नव्हता.

मी बाहेर येऊन पायऱ्यांवर उभा राहिलो. ओटीतलं बी कमी होताना दिसत होतं. पूर्णिमा शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता हितं काय करतासा? बी सरंल की."

मी चपला काढल्या, पुन्हा आत गेलो आणि तात्यासोच्या मागं रांगेत उभा राहिलो.